पहिली रायफल, दीड लाखाचं बजेट आणि तुरीत घुसणारी रोही

जिंतूर तालुक्यातल्या एका भावानं विचारलंय, वय २४, घरची जमीन, सोयाबीन आणि तुरीत रोही (नीलगायी) आणि रानडुकरं घुसायलेत, दीड लाख रुपये बाजूला काढून ठेवलेत आणि शिकारीसाठी पहिली रायफल घ्यायचीय. .२२ घ्यावी का .३१५ (हे नळीच्या आतल्या रुंदीचं इंचातलं माप, त्यालाच बोअर किंवा कॅलिबर म्हणतात), त्यावर स्कोप म्हणजे दुर्बीण कोणती लावावी, आणि नववीतल्या बहिणीलाही नेमबाजी शिकायचीय तर एकाच रायफलीत दोघांचं भागंल का, असा प्रश्न आहे. मी बरीच वर्षं रायफल शूटिंग करतो, आता पोरापोरींना शिकवतो, आणि आमच्या घरात आजोबांच्या काळापासून पीक संरक्षणाच्या लायसनची बारा बोअर, म्हणजे छर्ऱ्याची बंदूक आहे, म्हणजे रेंज आणि रान दोन्हीकडचं थोडंफार कळतं. म्हणून सविस्तर लिहितो, निवांत वाचा.

भाऊ, सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शौकाची शिकार आपल्या देशात बंद आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ नं. रोही आणि डुक्कर तर सोडाच, ससा, तित्तर, लावा, मोर, काळवीट, कशालाच हात लावता येत नाही. २०२२ ला कायद्यात दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे, त्यात परिशिष्टं नव्यानं लावली, उपद्रवी प्राण्यांचं जे वेगळं परिशिष्ट होतं ते काढून टाकलं आणि दंड वाढवले. काळवीट आणि मोर परिशिष्ट १ मध्ये आहेत, तिथं शिक्षा ३ ते ७ वर्षं आणि दंड कमीत कमी २५ हजार. रानडुक्कर, रोही, ससा हे परिशिष्ट २ मध्ये, तिथं ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वरून बंदूक गेली, मोटारसायकल गेली, गाडी असली तर गाडी गेली. चोवीसाव्या वर्षी अशी केस अंगावर घेतली की पोलीस भरती, सरकारी नोकरी, पासपोर्ट सगळीकडं ती आडवी येते. हे भीती घालायला सांगत नाही, माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांपैकी अर्ध्यांच्या डोक्यात पहिल्या दिवशी ससाच असतो म्हणून सांगतो.

मग तुम्ही म्हणाल की व्हिडिओत तर सगळे शिकार करायलेत. ते व्हिडिओ अमेरिकेतले, दक्षिण आफ्रिकेतले, तिकडं लायसन-परमिट काढून, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येत शिकार कायदेशीर आहे. तिथं नवख्याला .२४३ किंवा .३०८ विंचेस्टर घ्या, बोल्ट ॲक्शन म्हणजे दर गोळीला हातानं खटका मागंपुढं ओढायची घ्या, रायफलीएवढेच पैसे स्कोपवर घाला असा सल्ला देतात आणि तिथल्यापुरता तो बरोबरच आहे, कारण दीडशे-दोनशे मीटरवरचं हरीण एका गोळीत पडलं पाहिजे, जखमी होऊन पळायला नको, ही तिथली जबाबदारी आहे. त्या सल्ल्यातल्या दोन गोष्टी आपल्याकडंही तंतोतंत लागू होतात. एक म्हणजे पहिली रायफल लै ताकदीची नसावी, कारण धक्का बसायच्या भीतीनं माणूस ट्रिगर दाबताना डोळे मिटायला लागतो आणि ती सवय पुढं वर्षानुवर्षं जात नाही. दुसरी म्हणजे बजेट ठरवताना रायफलीची किंमत म्हणजे सगळा खर्च असं धरायचं नाही. बाकी कॅलिबरची चर्चा आपल्या कामाची नाही.

आता .३१५ आणि .२२ बद्दल. .३१५ ही आपल्या सरकारी कारखान्याची जुनी रायफल, इशापूरला बनते, ली-एनफिल्डच्या घडणीची बोल्ट ॲक्शन. इंग्रजांनी .३०३ सारखे लष्करी बोअर सामान्य माणसाच्या हातात जाऊ नयेत म्हणून बंदी घातली, त्यातून हा वेगळा बोअर आपल्याकडं रुळला. नॉन प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे लायसनवर मिळू शकते, पण मिळू शकते आणि तुम्ही घ्यावी यात लै फरक आहे. तुमचं रान बघा ना, जिंतूरचा थोडा डोंगराळ पट्टा सोडला तर आपला मराठवाडा सपाट, गोळी अडवायला मागं टेकडी नाही, बांधापलीकडं दुसऱ्याचा आखाडा म्हणजे शेतातलं घर, रात्री पाणी द्यायला गेलेला माणूस, मेंढरं घेऊन बसलेला धनगर. .२२ ची एवढीशी गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, .३१५ ची तर त्याच्या कितीतरी पुढं. अंधारात बॅटरीच्या उजेडात रायफल चालवणं म्हणजे आपण काय मारतोय आणि त्याच्या मागं कोण उभं आहे हे न बघता मारणं. पिकाच्या राखणीला जुन्या लोकांनी बारा बोअर किंवा ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक ठेवली ती काय उगीच नाही, छर्ऱ्याचा जोर थोड्या अंतरावर संपतो. कायद्यातही तेच दिसतं, १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा आणि संरक्षण किंवा खेळासाठी २० इंचापेक्षा कमी नळी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे.

लायसनचं थोडक्यात सांगतो. वय २१ पूर्ण पाहिजे, अर्ज ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्याकडं, जिथं पोलीस आयुक्तालय आहे तिथं आयुक्तांकडं. कारण द्यावं लागतं, पोलिसांची चौकशी होते, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा डॉक्टरचा दाखला लागतो, शस्त्र सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचं सर्टिफिकेट लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन ५ वर्षांचं झालं आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. निवडणूक लागली की बहुतेक ठिकाणी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. घरात वडिलांची किंवा आजोबांची लायसनची बंदूक असेल तर नवीन घ्यायच्या आधी ती बघा, लायसनदाराचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडं असलं तर वारसाच्या नावावर करायची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे, त्यासाठी त्यांच्या हयातीतच अर्ज करता येतो आणि तेच सोपं जातं, मागं राहिलेल्या कागदांची जुळवाजुळव लै जड जाते. आणि कोणी गावठी कट्टा किंवा विनालायसनची ठासणीची स्वस्तात देतो म्हणला तर तिथून उठून निघून या. विनालायसन शस्त्राला आता कमीत कमी २ वर्षं शिक्षा आहे, आणि ती नळी हातात फुटून बोटं गेलेली माणसं मी पाहिलीत.

तर मग दीड लाखाचं काय करायचं. माझं सरळ मत आहे की तुमची पहिली रायफल एअर रायफलच असावी, .१७७ बोअरची म्हणजे ४.५ एमएम, आणि ती कागदाच्या टार्गेटसाठी. नेम धरणं, श्वास सांभाळणं, ट्रिगर हळू दाबणं, गोळी सुटल्यावरही रायफल न हलवणं, हे सगळं दहा मीटरवर शिकता येतं आणि दहा मीटरवर जे जमत नाही ते शंभर मीटरवर तर मुळीच जमत नाही. ऑलिंपिकच्या दहा मीटर टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो, पेन्सिलीच्या टोकाएवढा. त्यावर ६० गोळ्या सव्वा तासात मारायच्या. एकदा करून बघा, शिकारीचं वेड असलेली कितीतरी पोरं त्या ठिपक्यापुढं बसली आणि मग त्यांना ससा आठवलाच नाही.

लायसन नको असेल तर एअर रायफल २० ज्यूलच्या आतली आणि .१७७ बोअरची पाहिजे. .२२ बोअरची एअरगन बिनालायसनची म्हणून कोणी विकत असेल तर फसू नका. आता हे २० ज्यूल ओळखायचे कसे, कारण दुकानदार आणि जाहिराती फूट पर सेकंद सांगतात, बाराशेची आहे, तेराशेची आहे असं. हिशोब सोपा आहे. छर्ऱ्याचं वजन ग्रेनमध्ये घ्या, त्याला वेगाच्या वर्गानं गुणा, ४,५०,२४० नं भागा, येईल ते फूट-पाउंड, त्याला १.३५६ नं गुणलं की ज्यूल. नेहमीचा मॅचचा छर्रा ०.५३ ग्रॅमचा असतो, म्हणजे साधारण ८.२ ग्रेन, तो ९०० फूटच्या वेगानं सुटला की बरोबर २० ज्यूलच्या काठावर येतो. म्हणजे साध्या शिशाच्या छर्ऱ्यानं ९०० च्या वर जाणारी रायफल कायद्याच्या बाहेर जायला लागते. बाराशेचा आकडा हलक्या धातूच्या छर्ऱ्यावर काढलेला असतो आणि आवाजाच्या वेगाच्या आसपास छर्रा गेला की तो डगमगतो, नेम जातो तो जातोच. आणि आता हे लक्षात घ्या की ऑलिंपिकला सुवर्ण जिंकणारी दहा मीटरची रायफल १७५ मीटर पर सेकंदच्या आसपास चालते, म्हणजे पावणेसहाशे फूट, ताकद जेमतेम ८ ज्यूल. ताकदीचा आणि नेमाचा संबंध नाही हे यापेक्षा साफ कशानं सांगू. त्यामुळं दुकानात गेल्यावर ही केवढ्यानं मारते हा प्रश्न विचारूच नका. एकाच ठिकाणी मारते का, हे विचारा, आणि शक्य असेल तर तिथंच दहा मीटरवर पाच छर्रे एका कागदावर मारून बघा.

प्रकार मुख्य दोन. स्प्रिंगची, नळी मोडून भरायची, आणि पीसीपी म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ठेवायची. देशी बनावटीची स्प्रिंगवाली १० ते २० हजारांत बरी मिळते. दणकट असते, पंप लागत नाही, सिलिंडर लागत नाही, गावाकडं कुठंही चालते. पण तिचा एक गुण नवख्याला त्रास देतो, ट्रिगर दाबल्यावर आतला पिस्टन पुढं धावतो, रायफल आधी मागं आणि मग पुढं असा दुहेरी झटका देते, आणि छर्रा अजून नळीतच असतो. म्हणून तिला घट्ट धरलं की नेम चुकतो. ती हलक्या हातावर नुसती टेकवायची, खांद्याला जेमतेम लावायची, दर वेळी अगदी तशीच. शिकायला कठीण आहे पण जो हे शिकला त्याचा हात चांगला तयार होतो. दुसरं, स्प्रिंगवाली कधीही छर्ऱ्याशिवाय रिकामी मारायची नाही, हवेची गादी नसल्यामुळं पिस्टन आपटतो आणि सील, स्प्रिंग दोन्ही जातात. गावातल्या जत्रेतल्या फुगे मारायच्या बंदुका बघून पोरं घरी तेच करत बसतात.

पीसीपीला झटका जवळजवळ नसतो, त्यामुळं चूक कोणाची ते लगेच कळतं, छर्रा आठवर गेला तर तो तुम्ही नेलेला असतो. स्पर्धा खेळायच्या असतील तर शेवटी यावर यावंच लागतं. देशी बनावटीची दहा मीटरची पीसीपी अर्ध्या-पाऊण लाखाच्या घरात येते, जर्मन-ऑस्ट्रियन नव्या रायफली, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, अनशुट्झ, स्टायर वगैरे, अडीच-तीन लाखांच्या पुढं. भाव सारखे बदलतात, त्यामुळं दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. तुम्हाला आज परदेशीची गरज अजिबात नाही. नवख्याचे गुण रायफलीमुळं नाही, हातामुळं जातात, आणि देशी रायफल तुम्हाला जिल्हा-राज्य पातळीपर्यंत आरामात नेते.

रायफल अंगाला बसते का ते बघणं सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच सगळे विसरतात. दस्ता खांद्याला लावला, गाल ठेवला, डोळे मिटले, मग उघडले, तर डोळा आपोआप साइटच्या मागं आला पाहिजे. मान ताणावी लागली की रायफल तुमच्या मापाची नाही. दस्त्याची लांबी आणि गालाची पट्टी खालीवर होणारी असेल तर चार-पाच हजार जास्त गेले तरी चालतील, तुमच्या घरात तर दोघं वापरणार, मग ते पाहिजेच. आणि घ्यायच्या आधी तुमचा जोरकस डोळा कोणता ते तपासा. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मधे छोटी फट करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबचा खांब बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं खांब फटीत राहतो तो तुमचा डोळा. कितीतरी उजव्या हाताच्या पोरांचा डोळा डावा निघतो आणि वर्षभर घासून नेम का बसत नाही ते त्यांना कळत नाही.

स्कोपचं विचारलंय तर पहिल्या वर्षी स्कोप लावू नका. दहा मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, ओपन साइट म्हणजे नळीवरची उघडी खाच, नाहीतर पीप साइट म्हणजे बारीक भोकातून बघायची. आणि स्कोपमधून टार्गेट मोठं दिसतं तसं तुमच्या हाताचं थरथरणंही मोठं दिसतं, मग नवखा माणूस ठिपका मधे आला की घाईनं ट्रिगर ओढतो, ओढला की गेला. स्प्रिंगच्या रायफलीवर दोन-अडीच हजाराचा स्कोप लावला तर त्या दुहेरी झटक्यानं आतल्या काचा ढिल्या होतात. तेवढ्या पैशात छर्रे घ्या.

छर्ऱ्यांचाच खर्च खरा मोठा आहे म्हणून तो मांडूनच दाखवतो. रोज ६० छर्रे, आठवड्यात पाच दिवस, म्हणजे ३०० झाले. डबीत ५०० असतात. पेरणी, काढणी, सण-लग्नं धरून वर्षाचे ४८ आठवडे पकडले तरी १४,४०० छर्रे, म्हणजे २९ डब्या. बऱ्या छर्ऱ्याची डबी हजाराच्या आसपास धरली तर २८-३० हजार एकट्या छर्ऱ्यात. सुरुवातीला स्वस्त घेतले तरी चालतील, पण चपट्या तोंडाचेच घ्या, कागदाला गोल भोक पडतं आणि गुण नीट मोजता येतात. आणि वाकलेले, घासलेले छर्रे परत वापरायचे नाहीत.

तर दीड लाखाची माझी वाटणी अशी राहील. पहिले तीन महिने काहीच विकत घ्यायचं नाही, परभणी किंवा संभाजीनगरला जिथं जमेल तिथं रेंजवर नाव घालायचं आणि तिथलीच रायफल वापरायची, फी सहा-आठ हजार जाईल. कुठली रेंज चालू आहे ते जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारलं की कळतं. तीन महिन्यांनी मन टिकलं तर साठ-सत्तर हजारापर्यंतची देशी पीसीपी. पंचवीस-तीस हजार वर्षभराच्या छर्ऱ्यांना आणि टार्गेट कागदांना. वीस-पंचवीस हजार शूटिंगचं जॅकेट, हातमोजा, सपाट तळाचे बूट, तेही लगेच नाही, पोझिशन बसल्यावर, कारण जॅकेट अंगाच्या मापानं शिवून घ्यावं लागतं. राहिले वीसेक हजार ते प्रवास, स्पर्धेची फी, सील बदलणं आणि पंपाला. हातपंप घ्यायचा नसेल तर रेंजवर हवा भरून मिळते का ते आधी बघा. कोणी म्हणलं की सगळे दीड लाख रायफलीतच घाला, एकदाच चांगली घ्या, तर ऐकू नका, घरात महागाची रायफल आणि छर्ऱ्याला पैसे नाहीत अशी पोरं मी पाहतो आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्यांचा हात चांगला असतो.

जुनी परदेशी रायफल कमी पैशात मिळत असेल तर नाही म्हणू नका पण सिलिंडरवरची तारीख आधी बघा. या सिलिंडरांचं आयुष्य १० वर्षांचं धरलेलं असतं, त्यानंतर स्पर्धेत तो चालत नाही, आणि २०० बारच्या दाबाची वस्तू गालाजवळ धरायची म्हणजे हा काही कागदी नियम नाही. नवीन सिलिंडरची किंमत धरूनच भाव करा. बिल, आधीच्या मालकाचं नाव, रायफलीचा नंबर हे सगळं लेखी घ्या. नवीन घेतानाही दुकानदार ओळखपत्र मागतो आणि नोंद ठेवतो, तुम्हीही पावती जपून ठेवा, रायफल घेऊन रेंजवर जाताना कव्हरमध्ये, रिकामी, आणि पावतीची झेरॉक्स सोबत.

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं जातो, अशा उन्हात भरलेला सिलिंडर बंद गाडीत ठेवायचा नाही. कापसाच्या आणि धुळीच्या दिवसांत नळीचं तोंड झाकून ठेवा. पावसाळ्यात लोखंडी भागावर तेलाचं हलकं बोट फिरवा, पण स्प्रिंगच्या रायफलीत आत तेल ओतू नका, दाबानं ते पेटतं, धूर येतो, धडाका होतो आणि सील जळतं. खोबरेल तर कुठंच नको, थंडीत गोठतं आणि चिकट होऊन बसतं.

आणि एअरगन आहे म्हणून ती खेळण्यासारखी वागवायची नाही. छर्रा तीनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो, डोळा जवळून कायमचा जाऊ शकतो. घरी सराव करायचा तर मागं भिंत, त्यापुढं जाड लाकडी फळी किंवा छर्रे अडवणारा डबा, त्या बाजूला एकही दार-खिडकी उघडी नाही, कोणी मधून जाणार नाही अशी जागा. नळी कायम टार्गेटकडं, बोट ट्रिगरच्या बाहेर, भरलेली रायफल कोणाच्या हातात द्यायची नाही. आंब्यावरचा होला, तारेवरचा पोपट हे टार्गेट नाही. माझ्या हाताखालच्या पोरानं पाखरावर एकदा जरी नेम धरला तर मी त्याला रेंजवर परत घेत नाही.

आता रोही आणि डुकरांचा प्रश्न, तो खरा आहे, रात्रीत एकरभर हरभरा तुडवून जातात, ऊस-मका आडवा करतात, भुईमूग उकरून खातात, हे मी माझ्या रानात बघतो. पण त्याचं उत्तर तुमच्या रायफलीत नाही. कायद्याच्या कलम ११ मध्ये माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला, त्यात उभं पीकसुद्धा येतं, धोका झाला तर वनविभागाचा अधिकृत अधिकारी लेखी आदेशानं परवानगी देऊ शकतो. लेखी, आणि आधी. तो कागद हातात असल्याशिवाय काही करायचं नाही आणि असला तरी मेलेलं जनावर सरकारचं असतं, मटण वाटून घेतलं की गुन्हा तुमच्यावर. म्हणून पहिलं काम, नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो, तलाठ्याला आणि वनक्षेत्रपालाच्या ऑफिसला अर्ज, पंचनामा, भरपाई. लोक पंधरा दिवसांनी जातात, तोवर पीक सावरलेलं असतं आणि मग मिळत नाही म्हणून ओरडतात. अर्जाची पोच घ्या. दरवर्षीचे अर्ज फायलीत असले तर उद्या पीक संरक्षणाच्या लायसनला किंवा कलम ११ च्या परवानगीला तेच तुमचे पुरावे.

दुसरं म्हणजे सौर कुंपण, झटका मशीन. त्यातला झटका क्षणाचा असतो, जनावर मागं सरतं, मरत नाही. जंगलालगतच्या गावांना वनविभागाच्या जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, तुमचं गाव बसतं का ते विचारून या. तार घालताना खालची ओळ जमिनीपासून वीतभरच वर पाहिजे, जास्त नाही, नाहीतर डुक्कर खालून घुसतं, वरची ओळ रोहीच्या छातीला लागेल अशी, आणि पावसाळ्यात तारेला टेकलेलं गवत दर आठवड्याला काढायचं, गवतातून करंट जमिनीत गेला की कुंपण मेलं. लाइनच्या विजेची तार मात्र हात जोडून सांगतो, कधीच सोडू नका. दरवर्षी त्यात शेजारचा शेतकरी, रात्री पाण्याला गेलेलं पोरगं मरतं आणि घरंच्या घरं उद्ध्वस्त होतात. दीड लाखातले तीस-चाळीस हजार कुंपणाला वळवले आणि रायफल सहा महिन्यांनी घेतली तर मी तुम्हाला शहाणाच म्हणेन. तोवर रेंजची रायफल आहेच.

राहिली बहीण. ती नववीत आहे म्हणजे १४-१५ ची, तिला उलट तुमच्या आधी सुरू करू द्या. नियमात १२ वर्षांच्या पुढच्या मुलांना देखरेखीखाली प्रशिक्षण घेता येतं, एअर रायफलला तर काहीच अडचण नाही. शालेय क्रीडा स्पर्धांत रायफल शूटिंग आहे, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटात ती जिल्ह्यातून विभागाला आणि तिथून राज्याला जाऊ शकते, त्या खेळाचे वाढीव गुण दहावी-बारावीला मिळतात, शाळेच्या क्रीडा शिक्षकाला आत्ताच सांगून ठेवा, नोंदणी जून-जुलैच्या सुमाराला सुरू होते. तिच्यासाठी सुरुवात ओपन साइटनं, आणि वजनाला हलक्या रायफलीनं. दहा मीटरच्या रायफलीला साडेपाच किलोपर्यंत मुभा आहे पण एवढं वजन १४ वर्षांच्या मुलीला तासभर पेलायला लावलं तर कंबर दुखावते, साडेतीन-चार किलोच्या आतली बघा आणि आधी महिनाभर पोट-कंबरेचा व्यायाम, रोज रायफल नुसती धरून उभं राहणं, छर्रा न भरता. तेजस्विनी सावंत कोल्हापूरची, २०१० ला म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, विश्वविजेती झाली. स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिकचं कांस्य घेऊन आला. आपल्या भागातून अजून तसं नाव निघालेलं नाही आणि का निघू नये हे मला कळत नाही, पोरांचे हात तर तेवढेच स्थिर आहेत. दोघांना एकच रायफल चालेल, फक्त दस्ता आणि गालाची पट्टी बदलणारी घ्या, दोघांच्या खुणा वेगवेगळ्या रंगाच्या पेननं दस्त्यावर करून ठेवा आणि साइट खालीवर करायची चकती किती क्लिक फिरवली ते वहीत लिहा, म्हणजे तिनं सोडली की तुम्हाला दोन मिनिटांत लावता येईल. आणि सराव सकाळी शाळेच्या आधी तिचा ठेवा, संध्याकाळी शेतातून आल्यावर तुमचा.